निदान

हार्लिंगेनच्या बंदरावर, मिठाच्या जुन्या वखारीत
आमचं संग्रहालय आहे, दोन खोल्यांचं.
पहिल्या खोलीत दोरखंड आणि देवमाशाचा कणा,
दुसरीत त्येब्बे होइटिंगा.
म्हणजे त्याचं चित्र, त्याची लेखणी,
आणि भरती-ओहोटीची एकतीस वर्षांची कोष्टकं,
एकही खाडाखोड नसलेली.

मंगळवारी ख्रोनिंगेनहून डॉक्टर रेनस्मा आले.
ओला कोट खुंटीला लावला, चष्मा पुसला,
खिशातून यादी काढली. बारा चौकोन.
रोज तेच जेवण, उकडलेला हेरिंग. खूण.
घंटानाद सोसत नसे, रविवारी कानांत मेण. खूण.
लग्न नाही. खूण.
लग्न तर माझ्या मामाचंही नाही, मी म्हणाले.
त्यांनी ऐकलं नाही.
नजर टाळतो, हे पाहा, चित्रातसुद्धा. खूण.

आता, त्या चित्रकाराने गावातल्या सगळ्यांनाच
खिडकीकडे बघायला लावलं होतं.
महापौर, महापौरांची सासू, एक कुत्रा.
उजेड तेवढाच होता.

शितावरून भाताची परीक्षा होते, मान्य.
पण इथे भात संपून दोनशे वर्षं झाली,
भांडं घासून पालथं घातलंय,
आणि डॉक्टर त्याच्यावर बोट फिरवून
चव सांगतायत.

"स्वमग्न," ते म्हणाले, हळू, आदराने,
जणू छातीवर पदक लावतायत.
मी कोष्टकांकडे पाहिलं.
यात स्व कुठे आहे?
पाणी आहे. चंद्र आहे. वारा वायव्येचा, चार बोटं जास्त.
एकतीस वर्षांत 'मी' हा शब्द एकदाच येतो:
मी जिन्यावरून पडलो. पाण्याची नोंद सिट्स्केने घेतली.

सिट्स्के त्याच्याकडे घरकाम करायची.
तिची वही तळघरात आहे, खोक्यात,
कांद्याच्या बियांच्या पाकिटांखाली.
मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे, लांबीनुसार,
रोज, एक्केचाळीस वर्षं,
मालक गेल्यावरही दहा वर्षं.
तिच्यासाठी यादी घेऊन कुणी आलं नाही.
तिने शोध कुठे लावला होता काही.
डॉक्टरांना वही दाखवली. म्हणाले, "रंजक आहे,"
आणि घड्याळ पाहिलं.

मी रागावले नाही. कागदाची किंमत मला माहीत आहे.
माझ्या वोब्बेला सातव्या वर्षी असाच एक कागद मिळाला.
त्या कागदावर शाळेत कोपऱ्यातलं बाक आलं,
डोक्यावरचा दिवा बंद ठेवायची परवानगी आली,
आणि वाढदिवसांची दोन आमंत्रणं यायची थांबली.
पण त्या वेळी एक बाई तीन दुपारी
त्याच्यासमोर बसल्या होत्या, जमिनीवर.
तो बोलेपर्यंत थांबल्या.
तिसऱ्या दुपारी तो म्हणाला,
"तुमच्या नाडीने एक भोक चुकवलंय."

निदानाला
निदान समोर एक माणूस लागतो,
"नाही" म्हणू शकेल असा.

डॉक्टर दोन-चाळीसच्या गाडीने गेले.
नऊ खुणा. लेख वसंतात येईल म्हणाले.
चित्राखालच्या फलकावर एक ओळ वाढवावी लागेल.
कदाचित ती वाचून वोब्बेला बरं वाटेल.
तेही खोटं नाही.

शाळा सुटल्यावर तो आला,
दप्तर न काढता चित्रासमोर उभा राहिला.
कसा वाटतो रे हा, मी विचारलं.
"हा माझ्याकडे बघत नाही," तो म्हणाला.
"बरं आहे."
मग खिडकीशी गेला. ओहोटी लागली होती,
कोष्टकापेक्षा किती मिनिटं उशिरा,
ते त्याने सांगितलं
आणि मी लिहून घेतलं.